चित्रपटापूर्वीची जाहिरात : माणगावसारख्या बाजारपेठेच्या दृष्टीने एक विचार

(१)

चित्रपटाचा इतिहास लिहिणारे अभ्यासक सामान्यतः चित्रपटापासूनच आरंभ करतात. कथा, दिग्दर्शन, अभिनय, संगीत आणि निर्मितिसंस्था ह्यांचा विचार झाला म्हणजे विषय संपला, अशी समजूत असते. परंतु प्रेक्षक तिकीट घेऊन आपल्या जागी बसतो तो क्षण आणि मुख्य चित्रपटाची पहिली चौकट पडद्यावर उमटते तो क्षण, ह्या दोहोंमध्ये पाचदहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंतचा काळ जातो. ह्या काळाचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. जाहिराती म्हणजे चित्रपटाच्या वाटेवरील धूळ, ती झटकून पुढे जावे, असाच आपला कल असतो. वस्तुतः ह्याच काळात प्रेक्षक सर्वांत अधिक असहाय असतो. त्याने पैसे दिलेले असतात, दिवे मंदावलेले असतात, आणि जे दाखविले जाईल ते पाहण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. वर्तमानपत्रातील जाहिरातीचे पान उलटता येते, रस्त्यावरील फलकाकडे पाठ फिरविता येते. चित्रपटगृहात मात्र तशी सोय नाही. अशा बांधलेल्या माणसाशी कोण, कोणत्या भाषेत आणि कोणत्या नात्याने बोलले, हा प्रश्न सामाजिक इतिहासाचा आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की, महाराष्ट्रात ह्या काळावर तिघांनी हक्क सांगितला : गावातल्या दुकानदाराने, दूरच्या कंपनीने आणि सरकारने. दुकानदाराने प्रेक्षकाला शेजारी मानले, कंपनीने गिऱ्हाईक मानले, आणि सरकारने प्रथम प्रजाजन व पुढे नागरिक मानले. हे तिन्ही हक्क क्रमाने आले असले, तरी एकाच्या येण्याने दुसरा नाहीसा झाला नाही. ते एकावर एक साचत गेले. चौथा हक्क खुद्द प्रेक्षकाचा. त्याचा उच्चार व्हावयास मात्र फार काळ लागला.

ह्या विचारासाठी माणगाव डोळ्यांसमोर ठेवण्याचे कारण आहे. माणगाव हे रायगड जिल्ह्यातील, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील, तालुक्याचे ठिकाण. काळ नदीच्या परिसरात, मुंबई–गोवा महामार्गावर ते वसलेले आहे. येथून एक वाट म्हसळा-श्रीवर्धनकडे समुद्राला जाते, तर दुसरी निजामपूरवरून ताम्हिणी घाटाने पुण्याकडे चढते. रोहा ते वीर हा कोकण रेल्वेचा भाग १९९३ साली सुरू होईपर्यंत येथील दळणवळण सर्वस्वी रस्त्याचेच होते. भोवतालच्या खेड्यांची खरेदी तालुक्याच्या पेठेत, आणि घरातील कर्ता पुरुष पुष्कळदा मुंबईच्या गिरणीत, अशी ह्या भागातील कुटुंबांची शतकभराची घडी होती. त्यामुळे येथील प्रेक्षक दोन प्रकारच्या पडद्यांसमोर बसला. चाकरमानी म्हणून तो लालबाग-परळच्या पक्क्या चित्रपटगृहात बसला, आणि रजेवर घरी आला म्हणजे कोकणातल्या जत्रेत अथवा बाजाराच्या गावी आलेल्या फिरत्या सिनेमाच्या तंबूत बसला. मुंबईच्या प्रेक्षकाला एकच पडदा ठाऊक होता. ह्याला दोन ठाऊक होते. म्हणूनच त्याच्या जागेवरून पाहिले असता वरील तिन्ही हक्क एकत्र दिसतात.

(२)

पडद्यावरील जाहिरातीचे मूळ शोधताना चित्रपटाच्याही मागे जावे लागते. कोकणातील खेड्यात सार्वजनिक सूचनेचे जुने साधन म्हणजे दवंडी. डफावर अथवा ढोलावर थाप देऊन, गावाला थांबवून, एकाने सर्वांना एकदम सांगावे, ही तिची रीत होती. ‘जाहीर’ हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आला, आणि ‘जाहिरात’ हा त्याचाच परिवार. दवंडीत हुकूम आणि खबर ह्यांत भेद नसे. सरकारी लिलावही तीच सांगे आणि उद्याच्या तमाशाचा फडही तीच सांगे. पडद्यावरील जाहिरातीतही पुढे हीच सरमिसळ झाली.

दुसरे मूळ दिव्याचे. चलच्चित्र येण्यापूर्वी काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर मोठी करून दाखविण्याची कला महाराष्ट्रात रुजली होती. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन ह्यांनी १८९० नंतरच्या दशकात आपल्या कुटुंबीयांसह ‘शांबरिक खरोलिका’ ह्या नावाने असे खेळ केले. शंबरासुराची ती शांबरी माया आणि खरोलिका म्हणजे दिवा, अशी ह्या नावाची योजना आहे. पौराणिक कथा, निवेदन व संगीत ह्यांच्या जोडीने काचेवरील चित्रे हालती भासविण्याची त्यांची हातोटी प्रसिद्ध होती. पुढे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखविली गेली, आणि काचेचे युग संपले असे समजले गेले. तथापि ते संपले नव्हते. खेळ चित्रफितीकडे गेला आणि काच जाहिरातीकडे आली, एवढेच झाले. चित्रपटगृहाच्या यंत्रघरात चित्रपटाच्या यंत्राशेजारी काचा दाखविण्याची सोयही असे, आणि ह्या सोयीवर लहान गावांतील जाहिरातीचा व्यवसाय पुढे अनेक दशके चालला.

(३)

ही काच, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘स्लाइड’, नीट समजून घेणे अगत्याचे आहे. तळहाताएवढ्या चौकोनी काचेवर काळा थर देऊन त्यात अक्षरे कोरीत, किंवा छायाचित्रणाच्या रीतीने मजकूर उमटवून वर पारदर्शक रंग भरीत. दोन काचांमध्ये मजकूर बंद करून कडेने कागदाची पट्टी चिकटवली की काम झाले. दोन खणांच्या सरकत्या चौकटीत एक काच दिव्यासमोर असे, तेव्हा दुसरी बाहेरच्या खणात बदलली जाई. एका काचेला काही सेकंद मिळत. आवाज नसे; असलाच तर ध्वनिमुद्रिकेवरील गाणे वाजत राही.

हे साधन टिकून राहण्यामागे एक यांत्रिक कारण होते. पस्तीस मिलिमीटर चित्रफीत बोलपटाच्या गतीने मिनिटाला नव्वद फूट सरकते. म्हणजे हजार फुटांचे एक रीळ सुमारे अकरा मिनिटांत संपते. मोठ्या शहरातील चित्रपटगृहात दोन यंत्रे असत, त्यामुळे एका रिळावरून दुसऱ्यावर जाताना खंड पडत नसे. फिरत्या सिनेमाजवळ पुष्कळदा एकच यंत्र असे. रीळ बदलीपर्यंत पडदा रिकामा राहणार, आणि रिकाम्या पडद्यासमोर प्रेक्षक गलका करणार, हे ठरलेलेच. ती फट भरावयास काच उपयोगी पडे. तंबूतील जाहिरात अशा रीतीने केवळ चित्रपटापूर्वी येत नसे. ती चित्रपटाच्या सांध्यासांध्यांत येत असे.

काचेवरचा मजकूर पेठेचा असे. कापडाचे दुकान, सराफ, भांडी, शिलाई, छायाचित्रे, औषधे, उपाहारगृह, असा हा विस्तार होता. भाषा दुकानाच्या पाटीची असे : ‘एकच भाव’, ‘आमची कोठेही शाखा नाही’, ‘एकवार अवश्य भेट द्या’. त्याच काचांच्या रांगेत धूम्रपान करू नये ही सूचना येई, पुढील खेळाची घोषणा येई, आणि प्रसंगी प्रेक्षकांपैकी कोणाला बाहेर बोलावल्याचा निकडीचा निरोपही घाईने लिहून दाखविला जाई. ही रांग म्हणजे गावाची दवंडीच होती. फरक एवढाच की ती आता उजेडाने दिली जात होती.

ह्या जाहिरातीचे वेगळेपण तिच्या विश्वासाच्या मांडणीत आहे. ज्याचे नाव पडद्यावर आले तो दुकानदार पुष्कळदा त्याच तंबूत दोन रांगा मागे बसलेला असे. त्याने खोटे लिहिले तर दुसऱ्या दिवशी बाजारात त्याला तोंड दाखवावयाचे होते. जाहिरात करणारा आणि ती पाहणारा एकमेकांना ओळखतात, ही स्थिती जाहिरातीच्या इतिहासात दुर्मिळ आहे. आपण तिला शेजाराची जाहिरात म्हणू.

तथापि ह्या शेजाराचे गोडवे गाताना सावध राहणे इष्ट. काचेवर नाव यावयास पैसे लागत, आणि ते पेठेतील व्यापाऱ्याजवळ होते. पडद्याच्या अगदी पुढे जमिनीवर बसणारा कातकरी अथवा गरीब कुळवाडी ह्या काचांवर कधी कर्ता म्हणून दिसत नसे. तो केवळ वाचणारा होता, आणि निरक्षर असल्यास तेवढाही नव्हता. अक्षर हे ज्या जाहिरातीचे सर्वस्व, ती अर्ध्या तंबूला मुकीच होती. शेजारीपणालाही आपली वेस होती, हे विसरता येत नाही.

(४)

दुसरा हक्कदार मुंबईहून आला. चित्रफितीवरील जाहिरात अक्षरावाचून बोलू शकत होती, आणि हेच तिचे सामर्थ्य ठरले. ह्याचे बोलके उदाहरण ‘डालडा’चे आहे. हे वनस्पती तूप १९३७ साली बाजारात आले. साजूक तुपाला सरावलेल्या समाजात त्याविषयी संशय होता. १९३९ साली लिंटास ह्या जाहिरातसंस्थेने त्यासाठी जी मोहीम आखली, तीत चित्रपटगृहांसाठी छोटा चित्रपट, डब्याच्या आकाराची मोटारगाडी, चव दाखविण्याचे ठेले आणि वाचणाऱ्यांसाठी छापील मजकूर अशी अनेक साधने एकत्र वापरली होती. निरक्षर आणि साक्षर, शहरी आणि ग्रामीण, अशा प्रत्येकासाठी वेगळी वाट ठेवली होती. दुकानदाराच्या काचेला जे साधले नव्हते, ते कंपनीने हेरले होते : वाचता न येणाऱ्यालाही भूक लागते आणि तोही खरेदी करतो.

ह्या भागातील गिरणीकामगाराच्या दृष्टीने पाहावे. पगाराच्या आठवड्यात तो लालबागच्या परिसरात चित्रपट पाही, तेथे ही नवी वस्तू त्याला पडद्यावर दिसे, आणि गणपतीला किंवा शिमग्याला गावी जाताना तिचा डबा त्याच्या सामानात असे. कंपनीचा विक्रेता जेथे पोहोचला नव्हता, तेथे चाकरमानी पोहोचत होता. कोकणात नव्या वस्तूंचा प्रसार कसा झाला ह्याचा विचार करताना मुंबईचा पडदा आणि चाकरमान्याची पेटी ह्यांना एकत्र घेतले पाहिजे.

मराठी उद्योजकांपैकी ज्यांनी ह्या माध्यमाचा दीर्घकाळ उपयोग केला, त्यांत केशव विष्णु पेंढरकर ह्यांनी १९५२ साली मुंबईत स्थापन केलेल्या ‘विको’चे नाव अग्रभागी आहे. आयुर्वेदिक दंतमंजनाची तिची जाहिरात अनेक भाषांत चित्रपटगृहांतून फिरली आणि एका पिढीच्या स्मरणात मुख्य चित्रपटाइतकीच पक्की बसली. येथे एक सूक्ष्म बदल झाला. ‘आमची कोठेही शाखा नाही’ असे सांगण्यात जो अभिमान होता, त्याची जागा सर्व देशभर एकच वस्तू मिळते ह्या अभिमानाने घेतली. विश्वास आता ओळखीवर आधारलेला नव्हता, तो पुनरुक्तीवर आधारलेला होता.

जाहिरातपटांच्या वितरणाचा एक स्वतंत्र धंदा उभा राहिला. देशभरच्या चित्रपटगृहांशी करार करावयाचे, कंपनीकडून चित्रफिती घ्यावयाच्या, त्या ठरल्या आठवड्यांत दाखविल्या जातात की नाही ते पाहावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. मुंबईची ‘ब्लेझ’ ही संस्था ह्या धंद्यात प्रमुख होती, आणि तिचा मराठी संस्कृतीशी आलेला संबंध लक्षणीय आहे. श्याम बेनेगल ह्यांनी जाहिरात-व्यवसायात लिंटासपासून आरंभ केला आणि असंख्य जाहिरातपट व अनुबोधपट केले. त्यांचा पहिला कथाचित्रपट ‘अंकुर’ (१९७४) ह्याच ब्लेझने निर्माण केला. ‘निशांत’ (१९७५) आणि ‘भूमिका’ (१९७७) हेही तिचेच. ‘भूमिका’ हा हंसा वाडकर ह्यांच्या ‘सांगत्ये ऐका’ ह्या आत्मकथनावर आधारलेला आहे. साबण आणि दंतमंजन ह्यांच्या अर्ध्या-एका मिनिटाच्या चित्रफिती गावोगाव फिरवून जो पैसा व जे व्यावसायिक जाळे उभे राहिले, त्याच्या बळावर एका मराठी नटीच्या आयुष्याची गंभीर चिकित्सा पडद्यावर आली. जाहिरातीला केवळ कलेची वैरीण समजणाऱ्यांनी ही वस्तुस्थिती ध्यानात घ्यावी.

(५)

तिसरा हक्क सरकारचा. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रचारासाठी १९४० साली फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन झाले. व्ही. शांताराम हेही काही काळ ह्या मंडळाच्या निर्मितिकार्याशी संबंधित होते. १९४३ मध्ये त्याच्या जागी ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ आणि ‘इंडियन न्यूज परेड’ ही वार्तापटमाला आली. त्याच वर्षी भारत संरक्षण नियमांतील ४४-अ ह्या कलमान्वये प्रत्येक खेळात दोन हजार फुटांपर्यंत सरकारमान्य चित्रफीत दाखविणे चित्रपटगृहांवर बंधनकारक झाले. दोन हजार फूट म्हणजे सुमारे बावीस मिनिटे. तिकीट काढून करमणुकीसाठी आलेल्या माणसाच्या वेळेतून एवढा वाटा कायद्याने काढून घेण्याचा हा प्रसंग आपल्याकडील पहिलाच म्हणावा लागेल.

ह्या चित्रफिती इंग्रजी, हिंदुस्तानी, बंगाली, तमिळ आणि तेलुगू अशा पाच भाषांत निघत. मराठी त्यांत नव्हती. ज्या मुंबईत त्या तयार होत, त्या मुंबईच्या पाठीमागच्या कोकणपट्टीतील माणसाशी सरकार त्याच्या भाषेत बोलत नव्हते. दुकानदाराची काच मराठीत, कंपनीची चित्रफीत बहुधा हिंदीत आणि सरकारची हिंदुस्तानीत, असा हा भाषिक क्रम होता. जो बोलणारा जवळचा, त्याची भाषा जवळची. स्वातंत्र्यानंतरही आरंभी ही पंचभाषी व्यवस्थाच चालू राहिली. मराठीसह इतर भाषांतील आवृत्त्या पुढे निघू लागल्या.

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये केंद्रीय विधिमंडळाने ह्या खात्याचे अनुदान नाकारले आणि ते बंद झाले. परकीय सत्तेच्या प्रचारयंत्राविषयीचा रोष ह्या निर्णयामागे होता. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, १५ ऑगस्ट १९४७ च्या सत्तांतराचे चित्रण करावयास सरकारजवळ स्वतःचे चित्रपटपथक राहिले नव्हते. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली, वार्तापट पुन्हा सुरू झाले, आणि सक्तीही परत आली. १९५२ च्या चित्रपट अधिनियमात आणि राज्यांच्या तत्सम कायद्यांत परवान्याची अट म्हणून वैज्ञानिक, शैक्षणिक व वार्ताविषयक चित्रफिती आणि अनुबोधपट दाखविण्याचे बंधन आले. चित्रपटगृहाच्या मालकाने त्या दाखवावयाच्या आणि वर निव्वळ उत्पन्नाच्या साधारण एक टक्का भाडेही द्यावयाचे, अशी ही व्यवस्था होती. कंपनी आपली जाहिरात दाखविण्यासाठी पैसे देई. सरकार आपली चित्रफीत दाखविण्यासाठी पैसे घेई. ह्या एका भेदात दोन्ही हक्कांचे स्वरूप स्पष्ट होते.

ह्या चित्रफितींचे मूल्य एकेरी नाही. धरणे, पोलादाचे कारखाने, पूर, दुष्काळ, निवडणुका, कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, ही सर्व दृश्ये बहुसंख्य ग्रामीण जनतेने प्रथम ह्याच वाटेने पाहिली. दूरचित्रवाणीपूर्वीच्या काळात आपला देश कसा दिसतो, हे चलच्चित्राच्या रूपाने कळण्याचे खेड्यासाठी दुसरे सर्वगामी साधन नव्हते. दुसरीकडे ठरावीक प्रतींवर भागवावयाचे असल्यामुळे वार्तापट शहरांतून फिरून लहान गावी येई तोपर्यंत वार्ता शिळी होत असे. प्रेक्षक उशिरा आत शिरण्याची वेळ नेमकी त्याच्यावरून ठरवीत. सक्तीला लोकांनी दिलेले हे मूक उत्तर होते.

न्यायालयात ह्या सक्तीचा विचार दोनदा महत्त्वाच्या रीतीने झाला. तंजावरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांविरुद्धच्या शेषाद्री प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली सरकारमान्य चित्रफितींविषयीच्या परवान्यातील अटी अवाजवी ठरविल्या, कारण किती लांबीच्या चित्रफिती दाखविण्यास भाग पाडता येईल ह्याला त्यांत कमाल मर्यादाच नव्हती. पुढे १९९९ मध्ये मोशन पिक्चर असोसिएशनच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने मर्यादित स्वरूपाच्या सक्तीला मान्यता दिली. लोकांना माहिती पुरविणे हे भाषणस्वातंत्र्याला पोषकच आहे, असा त्या निर्णयाचा रोख होता. दोन्ही प्रकरणांत एक गोष्ट समान आहे. वाद चित्रपटगृहाचा मालक आणि सरकार ह्यांच्यात होता, आणि प्रश्न मालकाच्या व्यवसायस्वातंत्र्याचा व भाषणस्वातंत्र्याचा होता. ज्याचा वेळ खर्च होत होता तो प्रेक्षक पक्षकार नव्हता.

(६)

१ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर व्यापारी जाहिराती सुरू झाल्या, आणि कंपन्यांचा ओघ हळूहळू तिकडे वळला. घरात बसलेला प्रेक्षक स्वस्तात मिळू लागला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओसरल्या आणि चाकरमान्याच्या पगाराच्या आठवड्यातील चित्रपटाची रीतही क्षीण झाली. व्हिडिओने तंबूचा हंगाम मोडला. कोकणात पाऊस जूनपासून चार महिने तंबू उभा राहू देत नाही. दिवाळीनंतर वैशाखापर्यंतच्या ज्या महिन्यांवर फिरता सिनेमा जगे, तेच महिने आता व्हिडिओ आणि दूरचित्रवाणी ह्यांनी वाटून घेतले.

२००५ नंतर उपग्रहाद्वारे चित्रपट पोहोचविणारी अंकीय पद्धती लहान गावांतही आली. तिच्यामुळे नवा चित्रपट तालुक्याला त्याच शुक्रवारी दिसू लागला, ही गोष्ट निःसंशय हिताची झाली. परंतु जाहिरात कोणती व केव्हा लागावी हे आता दूरच्या केंद्रातून ठरू लागले. यंत्रघरातील माणसाच्या हातून चौकट सरकविण्याचे काम गेले, आणि काचेचे प्रयोजन संपले. कररचनेतही ह्या बदलाचे प्रतिबिंब दिसते. वृत्तपत्रांतील जाहिराती वगळता अन्य जाहिरातींवर कर बसविण्याचा अधिकार संविधानाने राज्यांना दिला होता. २०१६ च्या एकशे एकाव्या घटनादुरुस्तीने ती नोंद वगळली गेली आणि १ जुलै २०१७ पासून हा विषय वस्तू व सेवा करात विलीन झाला. जाहिरात व्यवहार आणि कर, दोन्ही दृष्टींनी गावापासून दूर गेली.

सरकारचा हक्क मात्र नव्या रूपात कायम राहिला. फिल्म्स डिव्हिजनचे काम २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे गेले. पण २०१२ पासून तंबाखूसेवनाचे दृश्य असलेल्या चित्रपटाच्या आरंभी व मध्यंतरात किमान तीस सेकंदांची तंबाखूविरोधी चित्रफीत दाखविणे सक्तीचे झाले आहे. ज्या पडद्यावर एके काळी विडी-सिगारेटची जाहिरात झळकत असे, त्याच पडद्यावर आता तिचा निषेध होतो. जाहिरातीच्या बळावर माणसाची सवय घडते, हे मान्य केल्याखेरीज ह्या सक्तीला अर्थ राहत नाही.

ह्या पार्श्वभूमीवर बंगळूर येथील अलीकडचे प्रकरण अर्थपूर्ण ठरते. तेथील एका प्रेक्षकाने डिसेंबर २०२३ मध्ये पाहिलेला चित्रपट तिकिटावरील वेळेनंतर सुमारे पंचवीस मिनिटांनी सुरू झाला, आणि मधला वेळ जाहिरातींत गेला, अशी तक्रार ग्राहक आयोगाकडे केली. चित्रपटगृहाने सार्वजनिक हिताच्या चित्रफिती दाखविण्याच्या कायदेशीर बंधनाकडे बोट दाखविले. आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये तक्रारदाराच्या बाजूने निर्णय दिला आणि वेळ हा पैशासारखाच मानला. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. निकालाचे पुढे काहीही होवो, इतिहासाच्या दृष्टीने त्यातील दोन गोष्टी मोलाच्या आहेत. पहिली ही की, कंपनीच्या हक्काने सरकारच्या हक्काचे पांघरूण घेतले. दुसरी ही की, पक्षकार म्हणून खुद्द प्रेक्षक उभा राहिला. परंतु तो उभा राहिला ग्राहक म्हणून. नागरिक ह्या नात्याने आपल्या वेळेवर आपला हक्क काय, हा प्रश्न त्या व्यासपीठावर विचारताच येत नव्हता. तिकीट विकत घेतले, म्हणूनच त्याला बोलता आले. तंबूत जमिनीवर बसणाऱ्यानेही तिकीट घेतलेच होते. पण त्याच्या वेळेची किंमत लावावी, असे त्या काळी कोणाच्या मनातही आले नाही.

(७)

उपर्युक्त विवेचनातून जो निष्कर्ष निघतो तो असा : चित्रपटापूर्वीच्या जाहिरातीचा इतिहास हा बोलणारा दूर दूर जात गेल्याचा इतिहास आहे. दुकानदार दोन रांगा मागे होता, कंपनी मुंबईत होती, सरकार दिल्लीत होते, आणि आता जाहिरातींचा क्रम अदृश्य यंत्रणेत ठरतो. अंतर वाढले तसा बोलणाऱ्याला जाब विचारण्याचा मार्गही लांबला. शेजाऱ्याला बाजारात विचारता येई. आज न्यायालयाची पायरी चढावी लागते. ह्याचा अर्थ जुने ते सर्व चांगले असा नव्हे. शेजाराची जाहिरात पेठेपुरती होती, आणि सरकारच्या सक्तीने खेड्याला देश दाखविला, हे वर नमूद केलेच आहे. परंतु उत्तरदायित्व आणि अंतर ह्यांचा हा संबंध केवळ चित्रपटगृहापुरता नाही, हे विचारवंतांच्या सहज ध्यानात येईल.

ह्या विषयाची साधने दिवसेंदिवस नष्ट होत आहेत, हा त्यातील खरा निकडीचा भाग आहे. फिल्म्स डिव्हिजनचे वार्तापट संग्रहांत आहेत, कंपन्यांच्या चित्रफिती काही प्रमाणात जतन झाल्या आहेत. ह्या सर्वांत दुबळी वस्तू म्हणजे गावातील काच. ती ठिसूळ आहे, तिला पुनर्विक्रीची किंमत नाही, आणि दुकान बदलले की ती टाकून देण्याजोगी होते. तथापि एखाद्या पेठेत अमुक काळी कोणते धंदे होते, कोण नव्याने उभा राहत होता, कोणत्या जिनसा विकल्या जात, दर कसे सांगितले जात आणि मराठी कशी लिहिली जाई, ह्याचा असा पुरावा महसुली कागदांत सापडणार नाही.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे, अशी सूचना करावीशी वाटते. माणगाव, गोरेगाव, इंदापूर, महाड, रोहा ह्या बाजारपेठा क्षेत्र म्हणून घ्याव्यात. जुन्या दुकानदारांच्या आणि पाट्या रंगविणाऱ्या कारागिरांच्या घरी चौकशी करावी. यंत्रचालक म्हणून ज्यांनी काम केले त्यांच्या मुलाखती नोंदवाव्यात. मिळेल त्या प्रत्येक काचेचे माप, मजकूर, रंग व मालकाकडून कळलेला काळ टिपून तिचे छायाचित्र घ्यावे. काच मात्र शक्यतो मालकाकडेच राहू द्यावी. जिल्हाधिकारी कार्यालयातील फिरत्या चित्रपटगृहांच्या परवान्यांची ह्या नोंदींशी सांगड घालावी. आणि प्रत्येक मुलाखतीत एक प्रश्न अवश्य विचारावा : चित्रपट सुरू होण्यापूर्वी पडद्यावर काय होते, ते तुम्हांला आठवते काय? चित्रपटाचे नाव विसरलेली माणसेही ह्या प्रश्नाचे उत्तर देतील, असा भरवसा वाटतो. कारण त्या काचांवर त्यांच्याच गावातील माणसांची नावे होती.